त्रेचाळिसावी नोंद

सन्माननीय अध्यक्ष डॉ. वेणीमाधव गर्गे, व्यासपीठावरील विश्वस्त इंदिराताई, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती खंडेराव आहेर, म्हणजे आपले भाऊ, पहिल्या रांगेतल्या कुसावहिनी, देवळ्याहून आलेली भाऊंची गावकरी मंडळी आणि आपल्या नेत्रसेवा संस्थेतील सहकाऱ्यांनो,

आज शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६. तारीख मुद्दाम उच्चारते. जे आज बोलणार आहे ते मी सात वर्षांपूर्वीच शोधायला हवं होतं, आणि सापडल्यावर गेल्या नोव्हेंबरात तरी सांगायला हवं होतं. इतके दिवस गप्प राहिले, त्याची माफी आधी मागते.

आत्ताच आपला शेखर म्हणाला, "सगळं जग वहीतलं संगणकात भरतं, आमचे भाऊ संगणकातलं वहीत उतरवतात!" सभागृह हसलं. सवयीने मीही हसले. भाऊंची ती निळी वही आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. पण ती वही सुरू का झाली, हे कुणी कधी विचारलं का?

गावच्या मंडळींसाठी थोडं समजावून सांगते. रुग्णांची मुख्य नोंदवही इथे गंगापूर रोडच्या कार्यालयात, संगणकावर असते. भाऊ डोळे तपासायला जातात त्या शिबिरांच्या गावी नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून तिची एक प्रत भाऊंच्या लॅपटॉपवर. आठवडाभर भाऊ त्यांच्या प्रतीत लिहिणार, मी माझ्या. शनिवारी ते लॅपटॉप घेऊन यायचे आणि आम्ही दोन्ही प्रती जुळवायचो. आमच्या भाषेत, सिंक करायचो. एकाच रुग्णाची नोंद दोन्हीकडे बदललेली असली, की संगणक विचारतो: यातली कोणती ठेवू? उत्तर माणसाने द्यायचं असतं. तो माणूस मी.

मार्च २०१९ मधल्या एका आठवड्यात मला टापटिपीची हौस आली. देवळा तालुक्यातल्या प्रत्येक रुग्णाच्या पत्त्यात मी पिनकोड भरून टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. अपुरा पत्ता बघवत नव्हता, एवढंच. परिणाम असा झाला की त्या आठवड्यात भाऊंनी बदललेली प्रत्येक नोंद माझ्याकडेही बदललेली निघाली. शनिवारी संगणकाने मला त्रेचाळीस वेळा विचारायची तयारी केली. मी चार प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग "सर्व ठिकाणी कार्यालयाची प्रत ठेवा" यावर बोट ठेवलं.

बाकी बेचाळीस नोंदींत फोन नंबर वगैरेच होते, पुसले गेले ते पुढच्या फेरीत पुन्हा भरले गेले. त्रेचाळिसावी नोंद भाऊंच्याच गावातल्या एका आजींची होती. रुग्णाचं नाव सभेत घ्यायचं नसतं, म्हणून घेत नाही. भाऊंनी लिहिलं होतं: "उजव्या डोळ्याचा दाब फार. काचबिंदूची शंका. लगेच बोलवा." माझ्या प्रतीत त्या जागी काहीच नव्हतं, आणि तेच रिकामेपण आता दोन्ही प्रतींत उतरलं. पिनकोड मात्र बिनचूक होता.

आजींना बोलावणं गेलं नाही. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा उजवा डोळा गेला होता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

चौकशी झाली. भाऊ माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, मी लिहेल व्हतं." मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाले, "भाऊ, संगणक कशाला खोटं बोलेल?" त्यांना लेखी ताकीद मिळाली. तिचा मसुदा माझा होता.

नाकारलेल्या नोंदी संगणक फेकून देत नाही, एका वेगळ्या तक्त्यात ठेवतो. तो तक्ता तेव्हाही होता. मी उघडला नाही. वेळ नव्हता, की तिथे काय असेल याची भीती होती? स्वतःला खूपदा विचारलं आहे, खरं उत्तर अजून देता येत नाही. गेल्या नोव्हेंबरात जुनी माहिती नव्या प्रणालीत हलवताना तो उघडावा लागला. भाऊंची ओळ तिथे होती, तारखेसकट.

ताकीद मिळाल्यापासून भाऊंनी वही सुरू केली; लॅपटॉपवर लिहिलेली प्रत्येक नोंद ते तिच्यात उतरवायचे. दर शनिवारी सिंक झालं की माझ्या शेजारी खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "हं, वाचा मॅडम." मी पडद्यावरून वाचायची, ते वहीत खूण करायचे. सात वर्षं. मला तो हट्ट वाटायचा.

आज सकाळी, आमच्या शेवटच्या सिंकनंतर, मी त्यांना ती ओळ दाखवली. ताकीद रद्द करण्याच्या पत्रावर अध्यक्षांची सही घेतली आहे, असं मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "कागदाचं ऱ्हाऊ द्या. म्हातारीला सांगितलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"सात वरीस झाले, ती माझ्या दारावरून जाती, बोलत नाय. गावात लय जणांना वाटतं खंड्या इसरला. आता मला तिथंच ऱ्हायाचंय, मॅडम."

निवृत्तीनंतर माणूस कुठे परत जातो, याचा विचार मी केलाच नव्हता. मी फाइल दुरुस्त केली होती. गावाकडची प्रत तशीच राहिली होती.

हे सर्वांसमोर बोलू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "बोला. पण आवरतं घ्या, चहा निवल."

तेव्हा आवरते. भाऊ, तुम्ही लिहिलं होतं. गावकरी मंडळींनो, भाऊंनी लिहिलं होतं, पुसलं मी. अध्यक्षांनी मला बोलू दिलं आणि आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी जड बोलले, काही कमी-जास्त झालं असेल, तर उदार मनाने पदरात घ्या.

मला रोजनिशी लिहायची सवय आहे. उद्याच्या पानावर एकच काम लिहून ठेवलं आहे, तेवढं वाचते आणि बसते:

"रविवार. भाऊ आणि कुसावहिनींबरोबर देवळ्याची पहिली बस. आजींच्या घरी जाऊन, भाऊंसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगणे."