नाव न घेता

…नाव घेतलं असतं तर एकच मानूस रुसला असता हो, नाव घेतलं न्हाई म्हणून निम्मा पाथर्डी तालुका रुसला, आता ह्याला काय म्हणावं तुमीच सांगा. तुमाला सांगतो, लग्नात माईक धरण्यात माझी हयात गेली. नवरा-नवरी बोहल्यावर घाम पुसत्यात आन् हा गहिनीनाथ म्हणतोय, 'वधूवरांस शुभाशीर्वाद देण्यासाठी उपस्थित असलेले…' चेअरमन, माजी चेअरमन, माजी चेअरमनचे मेव्हणे… आन् शेवटी ठरलेलं, 'अनवधानानं कुनाचं नाव घ्यायचं राहिलं असल्यास ते घेतलं आहे असं समजावं.' सातवी नापास मानूस मी, पन 'अनवधानानं' असं टाकतो की मास्तर लोक वळून बघत्यात.

तर माझी लेक सुकन्या, पुण्याला हापिसात हाय, ती म्हणली, 'दादा, जेवताना एवढं सांगता, ते ल्ह्या की. ब्लॉग काढून देते.' मी ऐकलं ब्लॉक. आमच्या गल्लीत ग्रामपंचायतीनं नुकतेच ब्लॉक बसवलेले. म्हणलं, बाई, बसवलेले काढायचे कशाला? ती हसून हसून बेजार. मग मोबाईलवर करून दिलं. आपन एका बोटानं ल्ह्यायचं, जगानं वाचायचं.

ल्हिलं काय, तर एक पावने व्हते. दोन मिनिटं म्हणून माईक घेतला आन् दुष्काळापासून निघाले ते उसाच्या भावापर्यंत गेले. मुहूर्त गेला, भटजींनी अक्षदा खिशात घातल्या, नवरदेवानं तर खालीच बसून घेतलं, तर पावने त्याला म्हणत्यात, 'बसा, बसा, मी थोडक्यात आवरतो.' नाव टाकलं न्हाई, आपला धंदा हाय, कशाला? पन हाताची सवय काय जाती का… खाली ल्हिलं, 'कुनाचं नाव घ्यायचं राहिलं असल्यास ते घेतलं आहे असं समजावं.'

आन् समजले की हो! ज्यानं त्यानं आपलंच घेतलं असं समजलं. फोनावर फोन. एक जण म्हणतोय, 'बापू, नवरदेव बसला हे खरं, पन मी त्याला तसं म्हणलो न्हवतो.' आरं बाबा, तुझ्या टायमाला नवरदेव बसला हे मला ठाऊकच न्हवतं! दुसरा म्हणतोय, दुष्काळाचं मी बोललो, उसाचं माझ्या साडूनं. मी कुनाकुनाला न्हाई म्हणू? माईक धरायच्या ठरलेल्या सुपाऱ्या माघारी फिरायला लागल्या.

त्यात आले वैजनाथआबा. आमच्याकडं सोयरीक कुनाचीबी असू द्या, मधी आबा असायचेच, माझ्या निम्म्या सुपाऱ्या त्यांच्या शब्दावर. त्यांच्याच लेकीचं, ज्योतीचं लग्न तोंडावर आलेलं. आबा बसले, पन चहाला हात लावला न्हाई, तिथंच मी वळखलं.

'माझ्यावर हाय का ते?'

'आबा, त्यात नाव कुठंय?'

'म्हणून तर इचारतो. दुसऱ्या कुनावर असंल तर त्याचं सांग.'

आता एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला बुडवायचं. मी गप. जन्मात पयल्यांदा गप बसलो आन् तेच नडलं. आबा म्हणले, लग्नात माईक दुसरा कुनीतरी धरंल. आबाच्या मांडवातनं माईक गेला म्हणजे तालुक्यातनं गेला की! ह्या वयात काय मी हारफुलं इकू?

दुसऱ्या दिवशी ज्योतीचाच फोन. 'काका, माईक तुमीच धरायचा. आबाला सांगितलंय मी, तुमी नसला तर मी बोहल्यावर चढनार न्हाई. तुमी समोर असला म्हणजे हा ल्हितोय की काय म्हणून कुनी लांबन लावनार न्हाई.'

आन् झालं तसंच. मी नाव पुकारतोय, पुढारी वर येतोय, माझ्याकडं बघतोय, 'सुखाचा संसार करा' म्हणतोय आन् उतरतोय. आबांनी माईक घेतला, 'पोरी…' एवढंच म्हणले, उपरन्यानं डोळं पुसलं आन् बसले. इतकं चांगलं भाषन मी आबांचं ऐकलं न्हवतं. मुहूर्तावर अक्षदा पडल्या. पाथर्डी तालुक्यात!

आता ऐका. नवरदेवाचा मामा अजून टेम्पोत, वाटंवर. आन् छगन आचारी… आमच्याकडच्या आचाऱ्याची रीतच हाय, पयलं भाषन सुरू झालं की मग पुऱ्यांचं तेल ठेवायचं. त्यानं तेल ठेवलं न् ठेवलं, तर मंगलाष्टका संपल्या. पंगती बसल्या, पत्रावळी रिकाम्या, वरपक्षाकडं कुजबूज. पोरीच्या बापाची अब्रू त्या कढईत अडकलेली. आबा माझ्यापुढं हात जोडून उभे, 'बापू, काहीतरी बोल.' म्हणलं, किती येळ? म्हणले, 'पुऱ्या हुईस्तवर.'

मग बोललो. नवरीचा आजा, आजाची बैलजोडी, त्या बैलांचं मूळ गाव… मामाचा टेम्पो मांडवात शिरला त्याचंबी स्वागत केलं, टेम्पोवाल्याचं नाव घेतलं. मधी ऱ्हाइलेली समदी नावं, खरीखुरी, एकेक करून घेतली, समजावं-बिमजावं काय ठिवलं न्हाई. छगननं मागून झारा हलवला तवा थांबलो. कुनाच्या ध्यानातबी आलं न्हाई.

आता लग्नं मुहूर्तावर लागत्यात. पुढारी गपचूप अक्षदा टाकत्यात, त्यामुळं नावं पुकारायला लग्नघरचं कुनी मला बोलवत न्हाई. सुकन्या फोनवर म्हणती, 'दादा, ब्लॉगमुळं लोकांचं करियर बदलतं.'

बदललं की बाई. आता माझी सुपारी आचारी देतो.