डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय वरिष्ठ पाळक, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळकसाहेब, आमच्या पाळकीणबाई, आणि मधल्या वाटेच्या अलीकडे व पलीकडे बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अलीकडे-पलीकडे मुद्दाम म्हटलं. पूर्वी चर्चच्या या सभागृहात जागा मिळेल तिथे माणूस बसायचा. आता अलीकडे पिवळे, पलीकडे जांभळे. निवडणूक होऊन पाच महिने झाले, बाकं काही बदलली नाहीत. मी पिवळा, हे सांगायला नकोच. पाट्या आणि भिंती रंगवणं हा माझा धंदा. शहरातल्या अर्ध्या भिंतींवरचं पिवळं चिन्ह माझ्याच ब्रशचं आहे.

मंडळीचा चिटणीस म्हणून पाळकसाहेबांच्या सहा वर्षांच्या सेवेबद्दल चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. भाषण लिहून आणलं होतं. छान होतं, 'प्रेमळ' हा शब्द त्यात तीनदा होता. ते खिशातच राहू द्या. बाहेर सामानाचा टेम्पो उभा आहे. मी खरं बोलायच्या आधी तो हलला, तर मला पुन्हा इथे तोंड दाखवता येणार नाही.

अध्यक्षसाहेब, आपल्याकडे पाळकसाहेबांची फाइल आहे. तिच्यात शेरा आहे, 'एका पक्षाकडे झुकलेले.' कोणत्या, ते लिहिलेलं नाही, कारण त्यावर आमचं एकमत झालं नाही. ते बदलून जाणार त्या नव्या मंडळीतून फोनही येऊन गेला, "कोणत्या रंगाचे आहेत हो तुमचे पाळक?" हा शेरा आला एका चिठ्ठीवरून.

पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या चर्चच्या दारात एक लाकडी पेटी आहे. कुणासाठी प्रार्थना हवी असेल, तर स्वतःचं नाव न घालता चिठ्ठी टाकायची. पाळकसाहेब उपासनेत ती वाचणार, एकही न वगळता. 'शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबावा' हीसुद्धा त्यांनी गंभीर चेहऱ्याने वाचली होती. मग निवडणुकीआधी मोर्च्यात दगडफेक झाली, आणि त्या रविवारी चिठ्ठी निघाली: 'मोर्च्यात डोकं फुटलेल्या जांभळ्या कार्यकर्त्यासाठी.' त्यांनी वाचली. वर आपल्या मनाने जोडलं, "आणि ज्याच्या हातून दगड सुटला, त्याच्यासाठीही."

झालं! पिवळे म्हणाले, पाळक जांभळा. जांभळे म्हणाले, दगड मारणाऱ्याची बाजू घेतो म्हणजे पिवळाच. एरवी पंखे कधी लावायचे यावर भांडणारी आपली मंडळी, बदलीच्या अर्जावर मात्र दोन्हीकडून सह्या करून मोकळी झाली.

हसू नका. अर्ज मी लिहिलाय. "काय सुरेख अक्षर!" म्हणाला होतात सगळे.

त्याआधी कमिटीची सभा झाली. आपल्या खजिनदारांनी टेबलावर हात आपटला. "चिठ्ठी कुणाची ते सांगा. नाहीतर तुम्हीच लिहिली असं आम्ही समजू." पाळकसाहेब म्हणाले, "पेटीत आली होती. याहून जास्त मी सांगणार नाही." मी त्यांच्यापासून दोन खुर्च्यांवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मान खाली घालून इतिवृत्तात लिहिलं: 'पाळकांनी उत्तर दिले नाही.'

खजिनदारसाहेब, शर्ट ओढू नका. बोलू द्या.

चिठ्ठी माझी होती.

बसा, कृपा करून बसा. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा, मी कुठे पळून जात नाही. उजव्या हाताचं माझं अक्षर सगळं शहर ओळखतं, म्हणून डाव्या हाताने लिहिली. तो कार्यकर्ता माझा थोरला. 'परगावी नोकरीला आहे' असं सात वर्षं तुम्हाला सांगत आलो. खरं म्हणजे मीच त्याला घराबाहेर काढलं होतं. या घरात जांभळा रंग चालणार नाही, म्हणालो होतो.

दगडफेकीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने मला हाताला धरून मोठ्या इस्पितळात नेलं. मी खाटेपाशी उभा, तेवढ्यात मागून आवाज आला, "पेंटर, तुम्ही इकडे?" पाळकसाहेब दर गुरुवारी तिथे रुग्णांना भेटायला जातात, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी म्हणालो, "ओळखीतला आहे कुणीतरी." पोराचे डोळे मिटलेले होते, पण तो झोपलेला नव्हता. खाटेच्या कार्डावर आमचं आडनाव लिहिलेलं होतं. पाळकसाहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "मग ओळखीतल्यासाठी प्रार्थना करू या." पुढचे अठरा दिवस ते रोज तिथे गेले. मी दोनदा गेलो.

आज सकाळी दप्तर माझ्या ताब्यात देताना त्यांनी वहीतून ही चिठ्ठी काढली. ही बघा. "पेंटर, ही तुमची. बाकीच्या वाचून झाल्यावर फाडतो, ही फाडवली नाही." बस, एवढंच. रागावले असते, तर मी ते छान भाषण वाचून मोकळा झालो असतो.

तर चिटणीस म्हणून माझं शेवटचं काम करतो. इतिवृत्तात दुरुस्ती. 'पाळकांनी उत्तर दिले नाही' याच्यापुढे लिहावे: 'उत्तर चिटणिसांना ठाऊक होते. ते भ्याले.' अध्यक्षसाहेब, तो शेरा आज, इथेच खोडा. आणि नव्या मंडळीने पुन्हा रंग विचारला, तर सांगा की चाळीस वर्षं रंगात हात बुडवलेल्या पेंटरलाही तो सापडला नाही.

मागे, मधल्या वाटेत खुर्ची टाकून एकजण बसलाय. कपाळावर टाक्यांची खूण आहे. दोन्ही बाजूंनी त्याला कुणी सरकून जागा दिली नाही, मी इथून पाहिलं. तो पाळकसाहेबांसाठी आलाय, माझ्यासाठी नाही. तो ओळखीतला कुणीतरी नाही. तो माझा मुलगा आहे.

पाळकसाहेब, पाळकीणबाई, तुमचे आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानतो. अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचेही आभार. भाषणाच्या शेवटी बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर क्षमा मागायची रीत आहे. बोलण्याची मी मागत नाही. इतके महिने गप्प बसलो, त्याची मागतो. आधी पाळकसाहेबांनी करावी, मग तुम्ही सगळ्यांनी.

आणि बाळा, तू घाई करू नकोस. तुला जमेल तेव्हा.