ताटावर आडवा हात

आन म्हणं मोठं हाटील! अवो, तुमाला सांगतो, हाटील कितीबी मोठं असंना, माणसाला एकदा तरी आग्रह करायचा का न्हाय? एकदा तरी?

मी तात्याबा, पळसदेवचा. उजनीच्या पाण्यात जाळं टाकण्यात जल्म गेला. पोरगी राजेश्वरी बारामतीला, एमआयडीसीत दूध डेअरीत हाय. गेल्या महिन्यात कायम झाली आन हट्टच धरून बसली, आप्पा, आई, गावाच्या ऐन मधल्या चौकात नवं हाटील निघालंय, समुद्रातलं मासं आन स्टेक मिळत्यात, तितं तुमाला पोटभर जेवताना बघायचंय मला. म्हणलं, बाई, मासं काय बघायचं, जल्मभर बघतोयच की. तर म्हणली, बघताय, खाताय कुठं... ती काय बोलली ते मला तवा कळलं न्हाय बरं का. असू द्या.

तर गेलो. सकाळपासनं पोटात अन्नाचा कण न्हाय, जागा राखून ठेवलेली! वाढपी आला. वाढपी कसला, टायबिय लावलेला, मिशीवाला चांगला बाप्या, छातीवर युवराज म्हणून नाव लिवलेलं. राजेश्वरीनं स्वतःला चिकनचा स्टेक सांगितला, आईला सुरमई सांगितली, आन तेवढ्यात डेअरीतनं फोन आला, कुठलीतरी मशीन बंद पडलेली. ती बोलत बोलत बाहेर गेली आन हितंच घात झाला. युवराज माझ्याकडं वळला, लई गोड आवाजात, 'सर, आपल्यासाठी?' मी आपलं रीतीपरमाणं म्हणलं, 'मला काय नको.'

आता आपल्यात नको म्हणजे काय? नको म्हणजे बोलणं सुरू झालं! पहिलं नको मानाचं, दुसरं लाजंचं, आन तिसऱ्यांदा माणूस म्हणतो, बरं, घाला एवढंसं. आमच्याकडं पंगतीत दोन्ही हात ताटावर आडवं धरलं तरी वाढपी बोटांच्या फटीतनं रस्सा वततो. आन ह्यो बाप्या? 'ओके सर.' वही मिटली आन गेला! अवो, एकदा तरी आग्रह करायचा!

मग आलं की सगळं. स्टेक म्हणजे काय, तर कोंबडीचा हाताएवढा जाड तुकडा, खाली तापलेला लोखंडी तवा, नुसतं चर्रर्र... वास असा की माझ्या पोटानंच आवाज दिला. म्हणलं आता तरी इचारंल. इचारलं त्यानं, 'सर, काही आणू?' आन हे जळलं तोंड, सवयीनं म्हणालं, 'नको नको, तुमचं चालू द्या.' गेला परत! बरं, बायकोनं तरी वळखावं? तीस वर्सं संसार केला, पर सारजा सुरमईचा काटा काढत म्हणती, 'भूक न्हाय तर गप बसा की वो, सारखं माझ्या ताटात काय बघताय?' एकदा तरी आग्रह करायचा, सारजे!

तेवढ्यात राजेश्वरी आली. माझी रिकामी प्लेट बघितली. युवराजला इचारलं, त्यो म्हणाला, सरांनी दोनदा नको सांगितलं. मला वाटलं पोरगी हसंल. हसली न्हाय. खाली बसली आन हळूच म्हणली, 'आप्पा, घरात सहा माणसं आन एकच मासा असायचा, तवाबी तुमी असंच म्हणायचा. नको, मी जाळ्यापाशी खाऊन आलोय. मला तवापासनं ठावं हाय.'

एवढीशी होती वो ती. मला वाटायचं, कुणाला कळत न्हाय. डोळ्यात पाणी आलं, त्या घडी घातलेल्या फडक्यानं पुसलं. देवानं मला जाळ्यात कमी दिलं आसंल, पर पोरगी देताना हात आखडला न्हाय.

मग ती युवराजला म्हणली, 'ह्यांना इचारायचं न्हाय. वाढायचं.' आन तुमाला सांगतो, त्या बाप्याचं तोंड असं फुललं! टाय सैल केला, म्हणाला, 'आप्पा, मी नरसिंगपूरचा. गावच्या पंगतीत मीच वाढायचो. हितं आग्रहाला मनाई हाय, आठ वर्सं हात शिवशिवत्यात माझं.'

अवो, मग आठ वर्सांचा आग्रह माझ्या एकट्याच्या ताटात! स्टेक आला, कोळंबी आली, पापलेट आलं, दुसरं पापलेट आलं. पट्टा सैल केला. शेवटी श्वास घ्यायला जागा न्हाय, दोन्ही हात ताटावर आडवं धरलं आन कळवळून म्हणलं, बाबा, आता खरंच नको. त्यानं राजेश्वरीकडं बघितलं. राजेश्वरीनं नुसती मान हलवली, आन त्यानं बोटांच्या फटीतनं कोळंबी सोडली!

आता कुणाला बोलणार? जल्मभर खोटं नको म्हणलेल्या माणसाचं खरं नको कोण ऐकतंय!