चायनाची शिंगं

हसू नका गड्यांनो, पण माझं चायनाशी वाकडं आलं ते पोळ्याला. दुष्काळामुळं बैलं सोसायटीच्या चारा छावणीत होती. मी महिनाभर बसून बैलाला सुताचे गोंडे इणले. शेजारच्या दावणीच्या भानुदासनं चौसाळ्याच्या बाजारातून चायनाची सेलवरची लायटिंग आणून शिंगांना गुंडाळली. सांजच्याला सगळी छावणी तिकडंच पळाली. माझ्या पोटात लई दुखलं.

"चायनाचा माल हाय बे, घटकाभरात इझतोय!" मी वरडलो, अन् खरंच इझली! पुरणपोळीपेक्षा गोड वाटलं.

तेवढ्यात आमच्या बायकोनं माझ्या बॅटरीतले सेल काढून त्याला दिले. "सणाला उजेड असू द्या, भावजी."

भानुदासनं रिकामी बॅटरी उलटीपालटी करून बघितली. "ही बी चायनाचीच की बे!"

माझ्याच सेलवर त्याचा बैल पुन्हा झगमगला. अन् माझे गोंडे? अंधारात कुणाला दिसत्यात!