सात मिनिटं अकरा सेकंद

(खोलीचं दार आतून बंद. भाऊ आत, ताई बाहेर.)

ताई: ...मग नको जेवूस! पण दार उघड. दोन दिवस झाले. शेजारच्या काकू विचारतायत, दाराशी एकटीच काय बोलत बसतेस.

भाऊ: सांग त्यांना, भाऊ मेला.

ताई: दार उघडलंस की एक ठेवून देणारे.

भाऊ: म्हणूनच उघडत नाहीये.

ताई: जीभ शाबूत आहे म्हणजे. हे बघ, साडेअकरा झालेत. एक वाजता निराधारांच्या आश्रमाची गाडी हॉस्पिटलात येणार आणि तुझ्या मित्राला, पुस्तक्याला घेऊन जाणार. पार शहराबाहेर. सिस्टरने स्पष्ट सांगितलंय, नातेवाईक नाही तर नाही, सही करून घरी नेणारं कुणीतरी आणा. पलंग रिकामा करायचाय त्यांना.

भाऊ: तू कर ना सही.

ताई: करते की. माझी खोलीसुद्धा रिकामी केली, शिवणाचं मशीन बाहेर काढलं. पण मी दिवसभर कारखान्यात. घरी कोण असतं? तू. सबटायटलं टाइप करत. त्याला उठवायचं, बसवायचं, भरवायचं तुलाच. तू हो म्हटल्याशिवाय कशी करू सही?

भाऊ: माझ्या हाती नको देऊस त्याला.

ताई: का? अकरा वर्षांचा दोस्त ना तुझा? रोज फोनवर तास न् तास. हा सिनेमा, ती कादंबरी. मला वाटायचं, या दोघांचं लग्नच लावून टाकावं.

भाऊ: त्याने मला मेसेज पाठवला होता. आवाजाचा.

ताई: कधी?

भाऊ: पक्षाघाताचा झटका आला ना, तेव्हा. झटका येत असतानाच. सात मिनिटं अकरा सेकंद.

ताई: ...काय म्हणाला?

भाऊ: पहिले वीस सेकंद, "कादंबरी संपली रे, शेवट नाही पटला, थांब, सांगतो." मग काही नाही. मेसेजवर आवाजाच्या उभ्या रेघा दिसतात बघ, तिथे नुसते ठिपके. एखाद-दुसरी बारीक रेघ सोडली तर पार शेवटापर्यंत.

ताई: मग?

भाऊ: मग काय! माझं कामच आहे ते. स्क्रीनवर रेघा उठल्या की कुणीतरी बोलतंय, टाइप कर. ठिपके आले की उडी मार पुढे. शांततेला सबटायटल नसतं. दिवसातून हजार उड्या मारतो. तशीच मारली. वाटलं, फोन चालू ठेवून झोपलं गाढव. अंगठा पाठवला आणि जेवायला बसलो.

ताई: अरे देवा.

भाऊ: तूच वाढलंस. मी दोनदा मागून घेतलं.

ताई: तुला कसं कळणार होतं...

भाऊ: परवा त्याचा घरमालक येऊन सांगून गेला, दीड दिवस जमिनीवर पडून होता म्हणून. मग ऐकला मी. अख्खा. चार मिनिटं नुसता श्वास. मग खुर्ची पडली. सहा मिनिटं बावीसला एक शब्द. जीभ जड झालीय, पण कळतो.

ताई: काय?

भाऊ: "ये."

ताई: एवढंच?

भाऊ: बस, इतकंच. मग पाठवायचं बटण दाबलं त्याने. कसं दाबलं, त्यालाच ठाऊक. वीस मिनिटांवर राहतो तो, ताई. वीस! आणि मी अंगठा पाठवला.

ताई: दार उघड, बाळा.

भाऊ: हजारभर सिनेमे केलेत मी. एकटा माणूस पडद्यावर आला की पहिल्या फ्रेमला ओळखतो. दोन कप मांडतो आणि एक परत ठेवतो. गर्दीत उगाच घड्याळ बघतो. सगळं पाठ आहे! आणि त्याच्या खोलीत मागे संगीत नव्हतं वाजत, म्हणून मला कळलं नाही? अकरा वर्षं आम्ही एकटेपणावर बोललो. दुसऱ्यांच्या. "तू कसा आहेस रे" एवढं एकदा विचारलं नाही. तो म्हणायचा, कादंबरीत माणूस आतून दिसतो. मी म्हणायचो, बाहेरून दिसतो तेवढा पुरे. यावरून भांडायचो. आठ-आठ दिवस फुगून बसायचो!

ताई: मला तुमचं ते कळत नाही. मी शेवटची कादंबरी दहावीत वाचली, तीही अर्धी. पण तुझं हसणं ऐकू यायचं इकडे. म्हणायचे, चला, कुणाशी तरी हसतोय. माझ्याशी तर "वाढलंय का"च्या पुढे गाडी जात नाही.

भाऊ: ताई...

ताई: असू दे. माझं नंतर बघू.

भाऊ: मी जाऊन बोलू काय त्याच्याशी? "मी आलोय." "सगळं ठीक होईल." सगळं मी कुणाकुणाच्या तोंडी टाइप केलेलं. तोंडातून निघाल्याबरोबर ओळखेल तो.

ताई: मग नको बोलूस. त्यालाही बोलता येत नाहीये. मी काल तासभर होते. पाणी पाजलं, ते अर्धं मानेवरून ओघळलं. खालचं पुसायला मावशी येतात, तेव्हा हा डोळे गच्च मिटून घेतो. दाखवतात का हे तुझ्या सिनेमात?

भाऊ: नाही. तिथे कट होतं.

ताई: मग तुला यातलं काहीच येत नाही. मलाही नाही.

भाऊ: आणि त्याला आठवत असेल तर? बोलावलं होतं आणि मी गेलो नाही, हे?

ताई: असेल आठवत.

भाऊ: खोटं तरी बोल गं!

ताई: काय खोटं बोलू? सिस्टर म्हणाली, सगळं कळतं त्याला. वॉर्डाचं दार वाजलं की मान वळवतो. काल मी गेले तेव्हाही वळवली. माझ्या मागे कुणी आहे का, ते बघितलं. मग पुन्हा भिंतीकडे. ऐकतोयस ना? मी निघाले. सही करू का नको, तेवढं सांग. नको म्हणालास तरी तुला एका शब्दाने बोलणार नाही. शप्पथ.

भाऊ: थांब! ताई, थांब. कडी अडकलीय.

ताई: वर उचल. धसमुसळेपणा नको. हां... काय अवतार केलायस! तोंड धू आधी.

भाऊ: ताई, त्याची कुठली बाजू गेलीय?

ताई: उजवी. का रे?

भाऊ: म्हणजे डावीकडे बसून हात धरला तर कळेल त्याला.