कंबर एकाची, सुई एकीला

दवाखान्यात सुईच्या रांगेत माझ्यापुढं केदारखेड्याच्या दोघी शेजारणी बसल्या होत्या, नंदाबाई आणि सगुणाबाई.

“नंदाबाई, कालच तर सुई घेऊन गेल्त्या. काय दुखून राह्यलं?”

“कालची माझी नव्हती. मालकाच्या कंबरेची घेतली.”

“कंबर त्यायची अन् सुई तुम्हाला?”

“त्यायला लई भ्या वाटतं. सुई नुसती उकळताना पाहिली तरी घाम फुटतो.”

“अन् कंपाउंडरनं टोचली?”

“तो कंबर दुखती का, एवढंच इचारतो. कोणाची ते इचारत न्हाई.”

“मंग मालकाला गुण आला?”

“बिलकुल. घरी जाऊन मी सुई कशी घुसली ते सांगितलं, लंगडून दाखवलं. मी कण्हले की तेबी कण्हायचे. सकाळी उठून वखर घेऊन रानात गेल्ते.”

“बाई गं. मंग आज कशाला आल्या?”

“आज माझी कंबर धरली. कालच्या सुईनं नीट बसता येईना.”

“म्हंजे आजची सुई तुमची तुम्हीच घेणार.”

“मी काहून घेऊ? मालकाला संगं आणलंय ना. ते काय, बाहेर चिंचेआड लपलेत, धोतर दिसून राह्यलं.”