गळाची खूण

हरेश्वर : छपाईच्या नमुन्यातली ही खूण आमच्या वहीतली न्हाय, आफरा.

आफरा : कुठली, सर?

हरेश्वर : सुरावरची ही नागमोडी रेघ. मला शिकवणारे रोझारियो मास्तर तिच्या टोकाला माशाच्या गळासारखा आकडा काढायचे. कोर्लईच्या चर्चात पायपेटीवर बसून त्यांनी उतरवून घेतलेली वही ती. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या चिजा आहेत तिच्यात.

आफरा : स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरच्या यादीत आकड्यावाली खूण नव्हती. मग जवळची टाकली. साधी ट्रिल, दोन सुरांत झुलवायची.

हरेश्वर : किती ठिकाणी?

आफरा : सगळीकडे.

हरेश्वर : नवी खूण काढता येत न्हाय त्यात?

आफरा : येते. तासाभराचं काम. प्रकाशकाची तारीख जवळ आली होती, म्हटलं, एवढंसं कोण बघतंय.

हरेश्वर : दोन घरं सोडून राहतेस. विचारायचंस.

आफरा : चुकलं, सर. तेव्हा तुमचा हातही चालत होता, वाजवून दाखवलं असतंत.

हरेश्वर : वही आण. बघून सांगतो.

आफरा : वही... वादळात पत्रे उडाले ना आमचे, त्यात भिजली. पानं सोडवायला गेले तर लगदाच हातात आला. तुम्ही दवाखान्यात होतात. अम्मी म्हणाली, आत्ता नको सांगूस. मग सांगायचं तोंडच राहिलं नाही.

हरेश्वर : फोटो?

आफरा : नाही काढले. वही समोरच होती, कशाला म्हटलं.

हरेश्वर : हं.

आफरा : सर, वाजवता नाही येणार, पण गाऊन दाखवा. मी आजच खूण काढते. हा नमुनाच आहे, छपाई व्हायचीय अजून.

(हरेश्वर गुणगुणतात, थांबतात, पुन्हा पहिल्यापासून धरतात.)

हरेश्वर : खालच्या सुरावरून उचलायचं... का वरून सोडायचं? न्हाय गं. बोटांना ठाऊक होतं ते. मला कुठे.

आफरा : मग खुणा काढूनच टाकते. चुकीच्या ठेवण्यापेक्षा बरं.

हरेश्वर : काढू नको. लोक कोरा सूर वाजवतील, म्हणतील, इथे काही नव्हतंच. गळ काढ तसाच. खाली लिही, हा कसा वाजवायचा ते विचारायचं राहिलं.

आफरा : माझ्याकडून राहिलं, असंच लिहिते.

हरेश्वर : दोघांची नावं घाल. आठ वर्षं शिकायला येत होतीस. मीच म्हणायचो, ही खूण पुढच्या वर्षी शिकवीन.